व्ही६ वरून व्ही४ वर येताना सॉकेट कॉलबॅक कसे सांभाळायचे

सर्व्हरच्या नावाला दोन पत्ते आहेत, एक आयपीव्ही६चा आणि एक आयपीव्ही४चा. व्ही६ची वाट मध्येच कुठेतरी बंद आहे. ब्राउझर त्याच नावाचं पान झटकन उघडतो. तुमचा प्रोग्राम सक्तीने व्ही४ वापरायला लावला तर तोही चालतो. पण दोन्ही पत्ते मोकळे सोडले की तो लटकतो. सीपीयू शांत असतो, लॉगमध्ये एकही एरर नसते, आणि मिनिटभराने टाइमआउट येतो. हे लक्षण दिसलं की बहुतेक जण नेटवर्कला दोष देतात आणि व्ही६ बंद करून मोकळे होतात. खरा दोष बहुतेक वेळा कॉलबॅकमध्ये, म्हणजे काही घडलं की बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये असतो: एका जोडणीला एकच सॉकेट (जोडणीचं आपल्या बाजूचं टोक) असतं हे धरून ते लिहिलेले असतात.

स्वतःचा इव्हेंट लूप (घडामोडींची वाट बघून त्या हाताळत राहणारा फेरा) चालवणाऱ्यांसाठी हा लेख आहे, मग त्यात लिबकर्लसारखी नेटवर्क लायब्ररी बसवलेली असो किंवा थेट नॉन-ब्लॉकिंग (वाट बघत न अडणारी) सॉकेट हाताळलेली असोत. उदाहरणं लिनक्स, ईपोल (कोणत्या सॉकेटवर काय घडलं ते कळवणारी कर्नलची सोय) आणि लिबकर्लच्या मल्टी इंटरफेसची (एकाच वेळी अनेक विनंत्या चालवायची सोय) घेतली आहेत. गो, नोड आणि पायथनमध्ये बरंचसं काम भाषेची लायब्ररी करते, तरी काही खाचखळगे तिथेही आहेत. ते शेवटाकडे येतील.

घसरण होते म्हणजे नेमकं काय होतं

सॉकेटची ॲड्रेस फॅमिली (व्ही४ की व्ही६) ते उघडतानाच ठरते आणि नंतर बदलता येत नाही. म्हणून व्ही६ वरून व्ही४ वर येणं, म्हणजेच घसरण, याचा अर्थ जुनं सॉकेट टाकून नवीन उघडणं. तुमच्या दृष्टीने ती अजूनही तीच जोडणी असते, कर्नलच्या दृष्टीने मात्र दुसरीच वस्तू. ईपोलमधली नोंद, लावलेले ऑप्शन, बांधलेला स्थानिक पत्ता, यातलं काहीही आपोआप पुढे येत नाही.

ही घसरण दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात व्ही६चा प्रयत्न लगेच फसतो. समोरून रीसेट (जोडणीला थेट नकार) येतो किंवा कर्नलच सांगतो की तिकडे रूट नाही. मग ते सॉकेट बंद होतं आणि व्ही४चं उघडतं. दुसऱ्या प्रकारात व्ही६कडून काहीच उत्तर येत नाही. अशा वेळी थोडं थांबून व्ही४चा प्रयत्न शेजारी सुरू केला जातो आणि दोघांची शर्यत लागते. या पद्धतीला हॅपी आयबॉल्स म्हणतात. २०१२ मध्ये ती आरएफसी ६५५५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची कागदपत्रं) म्हणून आली आणि डिसेंबर २०१७ मध्ये आरएफसी ८३०५ ने तिची दुसरी आवृत्ती दिली. एका प्रयत्नानंतर दुसरा सुरू करण्याआधी २५० मिलिसेकंद थांबावं, १०० पेक्षा कमी आणि २ सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये, अशी तिची शिफारस आहे. लिबकर्लचा डिफॉल्ट २०० मिलिसेकंद आहे आणि आवृत्ती ७.५९.० पासून तो बदलता येतो. गोचा डिफॉल्ट ३०० मिलिसेकंद आहे.

पहिल्या प्रकारात सॉकेट एकामागून एक येतात, दुसऱ्यात दोन एकाच वेळी जिवंत असतात. दोन्हींतले बग वेगळे असल्यामुळे फक्त एक तपासून भागत नाही.

क्रमांक तोच, सॉकेट दुसरं

युनिक्सच्या पॉसिक्स या मानकाच्या नियमानुसार नवीन फाइल डिस्क्रिप्टरला (उघड्या फाइलला किंवा सॉकेटला कर्नल देतो त्या ओळखीला) उपलब्ध असलेला सर्वांत लहान क्रमांक मिळतो. त्यामुळे व्ही६चं सॉकेट बंद करून लगेच व्ही४चं उघडलं, तर त्याला बहुधा तोच क्रमांक मिळणार. पहिल्या प्रकारच्या घसरणीत एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलला काय काय सांगितलं ते दाखवणारं साधन) लावला तर साधारण असा क्रम दिसतो:

०.००० सॉकेट उघडलं, फॅमिली व्ही६, क्रमांक ९
०.००० कनेक्ट ९, काम सुरू आहे
०.००० ईपोल: ९ जोडा, लिहिण्याजोगं झालं की कळवा
०.०१२ ईपोलकडून: ९ वर एरर
०.०१२ ९ ची एरर वाचली: जोडणी नाकारली
०.०१२ क्लोज ९
०.०१२ सॉकेट उघडलं, फॅमिली व्ही४, क्रमांक ९
०.०१२ कनेक्ट ९, काम सुरू आहे
०.०१२ ईपोल: ९ ची नोंद बदला, उत्तर: अशी नोंदच नाही

शेवटची ओळ नीट बघा. सॉकेट बंद होताच कर्नलने ईपोलमधली त्याची नोंद काढून टाकली. तुमच्या टेबलात मात्र ‘९ आधीच नोंदवलेला आहे’ असं राहिलं, म्हणून कोडने ‘जोडा’ न म्हणता ‘बदला’ म्हटलं. कर्नलने ते नाकारलं. ते उत्तर कोणी तपासलं नाही, आणि इथून पुढे त्या सॉकेटबद्दल एकही इव्हेंट येणार नाही. व्ही४ची जोडणी प्रत्यक्षात काही मिलिसेकंदांत झालेलीही असते, पण ते सांगायला कोणी नाही.

हाच कोड ईपोलच्या आधीच्या साध्या पोलवर चालत असेल तर तो बग दिसतच नाही, कारण पोलला दर वेळी क्रमांकांची यादी नव्याने दिली जाते. म्हणून पोलवरून ईपोलवर गेल्यावर ‘व्ही६ असलं की अडकतं’ अशी तक्रार सुरू झाली, तर पहिला संशय इथे घ्यावा.

लिबकर्लला हा धोका माहीत आहे. सॉकेट बंद करण्याआधी ते आपल्या अंतर्गत टेबलातून त्याला काढतं आणि तुमच्या सॉकेट कॉलबॅकला ‘काढा’ असा संदेश देतं. पुढचं सॉकेट त्याच क्रमांकाचं असलं तरी त्यासाठी नव्याने कॉलबॅक येतो. तुमच्या बाजूची जबाबदारी एवढीच की ‘काढा’ हा संदेश गाळायचा नाही. ‘सॉकेट बंद झालं की ईपोल आपोआप साफ होतं, मग कशाला काढायचं’ असा विचार करून ती शाखा रिकामी ठेवलेले कोड बरेच सापडतात, आणि नेमके तेच इथे अडकतात.

पहिली पायरी: ओळख प्रयत्नाला द्या, क्रमांकाला नाही

बाकी सगळं यावर उभं आहे. प्रत्येक जोडणीसाठी एक नोंद ठेवा आणि तिच्याखाली प्रत्येक प्रयत्नासाठी स्वतंत्र नोंद ठेवा. प्रयत्नाच्या नोंदीत निदान एवढं हवं:

प्रयत्न:
  अनुक्रमांक: वाढत जाणारा, कधीही पुन्हा न वापरला जाणारा
  जोडणी: मालकाकडे जाणारा पॉइंटर
  फॅमिली आणि पूर्ण पत्ता
  सॉकेट क्रमांक
  अवस्था: सुरू, जिंकला, हरला, रद्द
  एरर: शेवटी काय आली
  सुरुवातीची वेळ

सॉकेट क्रमांक ही त्या नोंदीतली केवळ एक रकाना आहे, तिची किल्ली नाही. किल्ली म्हणजे अनुक्रमांक. ईपोलमध्ये नोंदवताना सोबत ६४ बिटांची जागा मिळते. तिच्या वरच्या ३२ बिटांत अनुक्रमांक आणि खालच्या ३२ बिटांत सॉकेट क्रमांक ठेवा. इव्हेंट आला की सॉकेट क्रमांकावरून नोंद शोधा आणि अनुक्रमांक जुळतो का ते बघा. जुळला नाही तर इव्हेंट शांतपणे सोडून द्या. तो गेलेल्या सॉकेटचा आहे.

याची गरज दुसऱ्या प्रकारच्या घसरणीत सर्वांत ठळक दिसते. समजा ९ वर व्ही६ आणि १० वर व्ही४ असे दोन प्रयत्न चालू आहेत, आणि ईपोलने एकाच फेरीत दोन्हींचे इव्हेंट दिले: आधी १० जोडलं गेलं, मग ९ वर एरर. पहिला इव्हेंट हाताळताना व्ही४ जिंकला म्हणून तुम्ही ९ बंद केलं. जोडणी झाल्याचं वापरकर्त्याच्या कोडला कळवलं, आणि त्याने तिथल्या तिथे दुसरी जोडणी उघडायला घेतली. तिला क्रमांक मिळाला ९. आता त्याच फेरीतला दुसरा इव्हेंट म्हणतो, ‘९ वर एरर’. अनुक्रमांक नसेल तर तुम्ही काहीच दोष नसलेली नवीन जोडणी मारून टाकाल. हा बग लोड वाढल्यावरच दिसतो, पुन्हा घडवता येत नाही, आणि त्यामागे दिवसचे दिवस जातात.

त्याच कारणाने, ‘काढा’ आल्यावर प्रयत्नाची मेमरी लगेच मोकळी करू नका. ती एका ‘नंतर टाकायच्या’ यादीत घाला आणि इव्हेंटची चालू फेरी संपल्यावर यादी रिकामी करा.

लिबकर्लमध्ये प्रयत्नाची नोंद सॉकेटला चिकटवायला मल्टी असाइन हे फंक्शन आहे. कॉलबॅकच्या आतून ते बोलावलेलं चालतं. बाकी बहुतेक फंक्शन मात्र कॉलबॅकमधून बोलावू नयेत. तसं केलं तर आवृत्ती ७.५९.० पासून लिबकर्ल ‘पुनर्प्रवेश’ (आधीचं काम संपायच्या आत पुन्हा आत शिरणं) अशी वेगळी एररच परत करतं.

दुसरी पायरी: सॉकेट उघडणारा कॉलबॅक

लिबकर्लमध्ये सॉकेट स्वतः उघडून द्यायचा कॉलबॅक असतो. त्याच्याकडे पत्त्याची रचना येते आणि तिच्यात फॅमिली, सॉकेटचा प्रकार, प्रोटोकॉल आणि खुद्द पत्ता असतो. यातली फॅमिली जशीच्या तशी वापरा. जुन्या कोडमध्ये इथे व्ही४ ठोकून लिहिलेलं असतं. तसल्या सॉकेटवर व्ही६च्या पत्त्याला कनेक्ट केलं की ‘ही फॅमिली चालत नाही’ अशी एरर येते, मग व्ही४चा प्रयत्न यशस्वी होतो आणि सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात तुमचा प्रोग्राम व्ही६ कधीच वापरत नाही, आणि फक्त व्ही६ असलेल्या सर्व्हरपर्यंत तो पोचूच शकत नाही.

हा कॉलबॅक जोडणीमागे एकदा येत नाही, दर प्रयत्नामागे येतो. ‘चालू जोडण्या’ मोजणारा काउंटर इथे वाढवला असेल तर शर्यतीच्या वेळी तो दुप्पट दाखवेल. प्रत्येक सर्व्हरला ठरावीक जोडण्यांची मर्यादा घातली असेल आणि ती इथे तपासली जात असेल, तर शेवटच्या मोकळ्या जागेवर व्ही६चा प्रयत्न बसतो आणि व्ही४ला जागा उरत नाही. घसरण मग तुम्हीच अडवलेली असते. मर्यादा जोडणीवर लावा, प्रयत्नावर नको.

सॉकेट उघडताना ‘एक्झेकवर बंद करा’ (दुसरा प्रोग्राम सुरू होताना सॉकेट त्याच्याकडे जाऊ देऊ नका) हा फ्लॅग जरूर द्या. ईपोल नोंद आपोआप तेव्हाच काढतो, जेव्हा त्या उघड्या सॉकेटकडे जाणारे सगळे डिस्क्रिप्टर बंद होतात. चाइल्ड प्रोसेसकडे एक प्रत राहिली असेल तर तुम्ही बंद केलेल्या सॉकेटचे इव्हेंट येतच राहतात, आणि क्रमांकच हातात नसल्याने ती नोंद काढताही येत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी ईपोलमधून काढा, मग बंद करा.

तिसरी पायरी: ऑप्शन फॅमिलीप्रमाणे

ऑप्शन लावणाऱ्या कॉलबॅकला फक्त सॉकेट मिळतं, पत्ता मिळत नाही. म्हणून फॅमिली आधीच प्रयत्नाच्या नोंदीत लिहून ठेवायची, किंवा सॉकेटकडूनच विचारून घ्यायची. पॅकेटची सेवा-श्रेणी आणि किती हॉप जायचं याचे ऑप्शन व्ही४ आणि व्ही६ साठी वेगवेगळ्या पातळीवर आणि वेगवेगळ्या नावांनी येतात. व्ही४च्या सॉकेटवर व्ही६चा ऑप्शन लावला तर कर्नल ‘असा ऑप्शन नाही’ म्हणतो. उलट बाजूने एरर येईलच असं धरू नका; लिनक्सवर तो ऑप्शन गुपचूप स्वीकारला जाऊन व्ही६च्या पॅकेटवर काहीच परिणाम न होणंही शक्य आहे. नो-डिले आणि कीप-अलाइव्ह हे दोन मात्र दोन्हीकडे सारखेच.

इथून एरर परत करताना विचार करा. लिबकर्ल तुमची एरर गंभीरपणे घेतं, सॉकेट बंद करतं आणि तो प्रयत्न सोडून देतं. व्ही६ साठी लिहिलेला ऑप्शन व्ही४ वर लागला नाही म्हणून एरर परत केली, की जो प्रयत्न जोडणी वाचवणार होता तोच तुम्ही संपवला. ज्या ऑप्शनशिवाय काम चालतं, त्याचं अपयश फक्त लॉग करा आणि पुढे जा.

स्थानिक पत्ता बांधत असाल तर दोन पत्ते जवळ ठेवा, प्रत्येक फॅमिलीचा एक. एकच असेल तर दुसऱ्या फॅमिलीचं बाइंड फसणार आणि घसरण कागदावरच राहणार.

चौथी पायरी: इव्हेंटची नोंद

ईपोलमध्ये सॉकेट कनेक्ट बोलावल्यानंतरच घाला. लिनक्सवर न जोडलेलं टीसीपी सॉकेट आधीच घातलं तर लगेच ‘लिहिण्याजोगं’ आणि ‘तुटलं’ असे दोन्ही फ्लॅग एकत्र येतात, आणि सुरू व्हायच्या आधीच प्रयत्न फसला असं वाटतं.

‘लिहिण्याजोगं’ म्हणजे ‘जोडलं गेलं’ नव्हे. प्रयत्न संपला एवढंच त्यातून कळतं. निकाल सॉकेटच्या एरर ऑप्शनमधून वाचायचा: शून्य असेल तर जोडणी झाली. ही किंमत एकदा वाचली की पुसली जाते, म्हणून ती एकाच ठिकाणी वाचा आणि प्रयत्नाच्या नोंदीत लिहा. लॉगसाठी एकदा आणि निर्णयासाठी पुन्हा वाचली, तर दुसऱ्यांदा शून्य मिळेल आणि फसलेला प्रयत्न जिंकल्यासारखा दिसेल.

सुरक्षा जाळी म्हणून, ‘बदला’ला ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं तर ‘जोडा’ करून पाहा, आणि ‘जोडा’ला ‘आधीच आहे’ आलं तर ‘बदला’ करा. पण हे दर वेळी लॉगमध्ये ठळकपणे यायला हवं. अशी वेळ येते म्हणजे तुमचं टेबल आणि कर्नलचं टेबल यांत फारकत झाली आहे, आणि तिचं कारण शोधायलाच हवं.

लिबयूव्ही या इव्हेंट लूप लायब्ररीचा पोल हँडल वापरत असाल तर नियम आणखी कडक आहे. हँडल चालू असताना त्याखालचा डिस्क्रिप्टर बंद करू नका; तसं केल्यास हँडल एरर देईल किंवा दुसऱ्याच सॉकेटवर लक्ष ठेवू लागेल. आधी पोल थांबवा. थांबवल्यावर डिस्क्रिप्टर लगेच बंद केला तरी चालतो, हँडलची मेमरी मात्र त्याच्या क्लोज कॉलबॅकमध्येच सोडायची.

पाचवी पायरी: टायमर

व्ही६कडून काहीच उत्तर येत नाही, ही सर्वांत वाईट स्थिती. वाटेतला एखादा फायरवॉल सिन पॅकेट (जोडणीची पहिली मागणी) गिळून टाकतो आणि नकारही पाठवत नाही. लिनक्स डिफॉल्टने सिन सहा वेळा पुन्हा पाठवतो, आणि हार मानेपर्यंत मिनिटाहून जास्त वेळ जातो. त्या सगळ्या काळात सॉकेटवर एकही इव्हेंट येत नाही. म्हणजे घसरण सुरू करू शकेल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे टायमर. सॉकेटचे कॉलबॅक कितीही नेटके लिहिले तरी टायमरचा कॉलबॅक सैल असेल तर व्ही४चा प्रयत्न सुरूच होणार नाही.

लिबकर्लचा टायमर कॉलबॅक एक आकडा देतो, मिलिसेकंदांत. त्याचे तीन अर्थ आहेत. धन आकडा आला तर तेवढ्या वेळाने एकदाच वाजणारा टायमर लावा. शून्य आला तर शक्य तितक्या लवकर, पण या कॉलबॅकच्या बाहेर पडून. उणे एक आला तर टायमर काढून टाका. प्रत्येक नवीन आकडा जुन्याची जागा घेतो, त्यामुळे एका मल्टी हँडलला एकच टायमर असतो. तो वाजला की सॉकेट ॲक्शन हे फंक्शन ‘टाइमआउट’ या खास सॉकेट मूल्यासह बोलवा.

इथे चार ठिकाणी गफलत होते. शून्य आल्यावर कॉलबॅकच्या आतूनच सॉकेट ॲक्शन बोलावणं, म्हणजे पुनर्प्रवेश. टायमर पुन्हा पुन्हा वाजणारा लावणं, म्हणजे वायफळ फेऱ्या. नवीन आकडा आल्यावर जुना टायमर तसाच ठेवणं. आणि सर्वांत जास्त दिसणारी: लूपमध्ये ठरावीक एक सेकंदाने टिक येतो म्हणून आकडा तिथपर्यंत गोल करणं. २०० मिलिसेकंद सांगितले होते, प्रत्यक्षात एक सेकंद लागला. काम होतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही; पण व्ही६ बंद असलेल्या प्रत्येक वापरकर्त्याला दर नवीन जोडणीमागे ती फुकटची वाट पाहावी लागते.

स्वतः शर्यत लिहीत असाल तर टायमर प्रयत्नांमध्ये वाटू नका, जोडणीपाशी ठेवा. ‘पुढचा प्रयत्न केव्हा’ आणि ‘एकूण मुदत केव्हा’ असे दोनच काळ तिला लागतात. चालू प्रयत्न लवकर फसला तर टायमरची वाट न बघता पुढचा पत्ता लगेच घ्या. कनेक्ट बोलावल्याबरोबरच ‘रूट नाही’ अशी एरर येते तेव्हा हे विशेष लागू पडतं, कारण त्या सॉकेटवर पुढे कधीच इव्हेंट येणार नसतो. लगेच म्हणजे लूपच्या रांगेत घालून. जोडणी सुरू करणाऱ्या फंक्शनच्या आतूनच वापरकर्त्याचा कॉलबॅक बोलावला तर त्याच्या हातात जोडणीचा हँडल अजून आलेलाही नसतो.

सहावी पायरी: विजेता एकदाच

पहिला यशस्वी प्रयत्न सापडला की क्रम असा ठेवा. आधी जोडणीची अवस्था ‘जोडली’ करा. मग टायमर काढा. मग बाकीचे प्रयत्न ‘हरला’ म्हणून नोंदवून ईपोलमधून काढा आणि बंद करा. वापरकर्त्याचा कॉलबॅक सगळ्यात शेवटी. वापरकर्त्याला आधी कळवलं आणि त्याने तिथेच जोडणी बंद केली, तर परत आल्यावर तुम्ही मोकळ्या झालेल्या मेमरीतले प्रयत्न आवरत बसाल.

रद्द करण्याचा मार्गही याच फंक्शनमधून जाऊ द्या. वापरकर्त्याने रद्द केलं, मुदत संपली, कोणी जिंकलं किंवा सगळे हरले, शेवट कसाही झाला तरी आवराआवर एकच आणि अंतिम कॉलबॅक नेमका एकदा.

विजेता टीसीपीवर ठरवायचा की टीएलएसवर (टीसीपीवर बसणाऱ्या एन्क्रिप्शनच्या थरावर), हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी तो टीसीपीवर ठरतो. त्यामुळे व्ही६वर टीसीपी जुळलं, पण वाटेत ‘पॅकेट फार मोठं’ हा आयसीएमपी (नेटवर्कच्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) संदेश अडवला जात असेल, तर टीएलएसच्या मोठ्या पॅकेटवर जोडणी थिजते आणि घसरणीची संधी तोवर निघून गेलेली असते. ज्या प्रोग्रामला अशा नेटवर्कांत चालायचं आहे, त्याने टीएलएस पूर्ण होईपर्यंत व्ही४चे पत्ते फेकून देऊ नयेत.

सातवी पायरी: बंद करणारा कॉलबॅक

हरलेलं सॉकेटही बंद करणाऱ्या कॉलबॅकमधूनच जातं. तुम्ही त्या कॉलबॅकचा अर्थ ‘जोडणी संपली’ असा लावला असेल, तर लॉगमध्ये ‘जोडलं’ आणि लगेच खाली ‘तुटलं’ असं दिसेल, आणि वरचा थर पुन्हा जोडायला धावेल. मग पुन्हा शर्यत, पुन्हा एक हरलेलं सॉकेट, पुन्हा ‘तुटलं’. या कॉलबॅकमध्ये प्रयत्नाची अवस्था बघा: ‘हरला’ किंवा ‘रद्द’ असेल तर फक्त डिस्क्रिप्टर बंद करा, वर काही कळवू नका.

आयुष्याचाही प्रश्न आहे. लिबकर्ल जोडणी पुढच्या वापरासाठी राखून ठेवतं, आणि ती ज्या ईझी हँडलने (एका विनंतीच्या हँडलने) उघडली तो संपल्यावरही जिवंत राहू शकते. बंद करणारा कॉलबॅक आणि त्याला दिलेला पॉइंटर जोडणीसोबत राहतात. तो पॉइंटर एखाद्या विनंतीच्या रचनेकडे जात असेल आणि ती रचना आधीच मोकळी झाली असेल, तर क्रॅश नक्की. इथे मल्टी हँडलइतकं आयुष्य असलेली वस्तूच द्या.

एरर कशी सांगायची

सगळे प्रयत्न फसले की फक्त शेवटची एरर वर पाठवायची सवय सोडा. व्ही४ने ‘जोडणी नाकारली’ म्हटलं आणि नंतर व्ही६ने ‘रूट नाही’ म्हटलं, तर वापरकर्त्याला दिसेल ‘रूट नाही’, आणि तो राउटर तपासत बसेल. खरं कारण असतं की सर्व्हर बंद आहे. प्रत्येक प्रयत्नाचा पत्ता, एरर आणि लागलेला वेळ अशी यादीच द्या. लॉगच्या एका ओळीत ती मावते.

गो, नोड आणि पायथन

गोमध्ये डायलरचा कंट्रोल कॉलबॅक सॉकेट उघडल्यावर आणि डायल व्हायच्या आधी येतो. तुम्ही नुसतं ‘टीसीपी’ म्हणून डायल केलं तरी त्याला ‘टीसीपी४’ किंवा ‘टीसीपी६’ असं नेमकं नाव मिळतं. ऑप्शन त्यावरूनच निवडा. शर्यतीत दोन गोरुटीन (गोचे हलके थ्रेड) असल्याने तो एकाच वेळी दोनदा चालू शकतो. आत सामायिक मॅपमध्ये लिहीत असाल तर म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) हवाच.

नोडमध्ये फॅमिली आपोआप निवडणं आवृत्ती २० पासून डिफॉल्ट आहे, प्रत्येक प्रयत्नाला ठरावीक वेळ मिळतो. पण इथे खरी शर्यत नाही: वेळ संपला की चालू प्रयत्न सोडून पुढचा घेतला जातो. ज्या लिंकवर पॅकेटच्या जाण्या-येण्याच्या एका फेरीलाच त्याहून जास्त वेळ लागतो, तिथे चांगला पत्ताही वेळेत पोचत नाही. अशा ठिकाणी ही मर्यादा वाढवा. घसरताना आतला हँडल बदलतो, तेव्हा तो ‘कनेक्ट’ इव्हेंटच्या आधी काढून जवळ ठेवू नका.

पायथनच्या असिंकआयओत आवृत्ती ३.८ पासून हॅपी आयबॉल्सचा विलंब देता येतो, पण तो दिला नाही तर पत्ते एकामागून एकच घेतले जातात. न बोलणारं व्ही६ मग सगळ्यांना थांबवून ठेवतं. ०.२५ द्या. प्रोटोकॉलची वस्तू जोडणी झाल्यावरच तयार होते, त्यामुळे प्रयत्नांचा गोंधळ तिच्यापर्यंत येत नाही. आवृत्ती ३.१२ पासून सगळ्या एरर एकत्रही मागता येतात.

तपासणी

वेगळा नेटवर्क नेमस्पेस (लिनक्समधलं बाकीच्यांपासून अलग नेटवर्क) करा, त्यात एका नावाला व्ही६ आणि व्ही४ असे दोन पत्ते द्या आणि व्ही६ची वाट चार प्रकारे बिघडवा. फायरवॉलमध्ये टीसीपी रीसेटसह नकार द्या; यात क्रमांक पुन्हा वापरला जातो. पॅकेट गुपचूप गिळा; यात टायमरची परीक्षा होते. व्ही६चा रूटच काढून टाका. यात कनेक्ट जागच्या जागी फसतं. आणि नेटेमने (पॅकेट मुद्दाम उशिरा सोडणाऱ्या लिनक्सच्या साधनाने) व्ही६ला उशीर लावा, विलंबाच्या आकड्याच्या किंचित अलीकडे आणि किंचित पलीकडे, म्हणजे दोन्ही प्रयत्न जवळजवळ एकाच क्षणी पुरे होतील आणि एकाच फेरीत दोन इव्हेंट यायची शक्यता वाढेल. या शेवटच्या चाचणीत जोडण्या एकामागून एक भरपूर उघडा, आणि प्रत्येक ‘जोडलं’ कॉलबॅकमधून पुढची जोडणी सुरू करा, कारण क्रमांकाची अदलाबदल तेव्हाच घडते.

प्रत्येक चाचणीनंतर तीन आकडे बघा: उघडणारा कॉलबॅक किती वेळा आला, बंद करणारा किती वेळा आला, आणि प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरमध्ये किती डिस्क्रिप्टर उघडे आहेत. पहिल्या दोनांतला फरक चालू जोडण्यांइतकाच हवा. तिसरा आकडा एखाद्या चाचणीत फेरीगणिक वाढत असेल, तर हरलेलं सॉकेट कुठेतरी राहून जात आहे. कोणत्या चाचणीत वाढतो त्यावरून कोणती शाखा उघडून बघायची ते कळतं: गिळणाऱ्या चाचणीत वाढला तर विजेत्यानंतरची आवराआवर, रूट नसलेल्या चाचणीत वाढला तर कनेक्ट लगेच फसल्यावरची वाट.